मान मागे वळवली की अंधारी येते: ट्रॅक्टरवरच्या बाबांना काय झालं असेल?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, शेती करतात, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) मारताना उजव्या खांद्यावरून मागे बघत राहिले की काही सेकंदांत गरगरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मान सरळ केली की थांबतं. चार महिन्यांत पाच-सहा वेळा झालं आणि एकदा ट्रॅक्टर बांधावर चढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून 'मानेच्या मणक्यात गॅप आहे' म्हणून सांगितलं, पट्टा आणि चक्करची गोळी दिली. बाबा दाढी-कटिंग झाली की सलूनमध्ये मान मोडून घेतात, त्यानं मोकळं वाटतं म्हणतात. आता न्हाव्यानं मान मोडल्यावर लकवा आल्याची बातमी घरात सगळ्यांनी पाहिली आहे. मान वळवल्यानं खरंच पॅरालिसिस होतो का?

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि पंचवीसेक वर्षं चक्कर आणि पॅरालिसिसचे रुग्ण बघतो आहे. उत्तर लांबेल, पण त्याआधी आजपासून पाळायच्या तीन गोष्टी सांगतो. मान मोडून घेणं बंद, कायमचं बंद. नीट तपासणी होईपर्यंत बाबांनी ट्रॅक्टर, मोटरसायकल काहीच चालवायचं नाही. विहिरीच्या काठावर किंवा शिडीवरही जायचं नाही. आणि 'बघू या, होतं का' म्हणून घरी त्यांची मान वळवून बघू नका. ही तपासणी शिरेत सुई असलेल्या, नाडी-रक्तदाब समोर दिसत असलेल्या पेशंटवर करायची असते, ओसरीवर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. होय, मान वळवल्यानं मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि त्यातून पॅरालिसिस होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे, पण तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या तीन शब्दसमूहांवर माझं लक्ष थांबलं: 'उजव्या खांद्यावरून', 'काही सेकंदांत' आणि 'मान सरळ केली की थांबतं'. एकाच बाजूला, मान वळवून ठेवल्यावर, दर वेळी तसंच, आणि सरळ केल्यावर लगेच बरं. चक्कर येणाऱ्या शंभर लोकांपैकी फार थोडे असं सांगतात. म्हणून तुमच्या बाबांची तक्रार 'मानेचं आहे, चालायचंच' म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

मानेतून मेंदूकडे चार मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पुढच्या दोन, ज्यांचे ठोके जबड्याखाली बोटाला लागतात, त्या कॅरोटिड. मागच्या दोन व्हर्टेब्रल, आणि बाबांच्या बाबतीत आपल्याला त्यांच्याशी काम आहे. यांची वाट विचित्र आहे. छातीच्या वरच्या भागातून निघून त्या मानेच्या सहाव्या मणक्यापाशी हाडात शिरतात आणि प्रत्येक मणक्याच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून, मण्यांतून ओवलेल्या दोऱ्यासारख्या, वर चढतात. सगळ्यात वरच्या दोन मणक्यांपाशी, ज्यांना आम्ही अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिस म्हणतो, त्यांना बाहेर वळून, अ‍ॅटलसला वळसा घालून, मग कवटीत शिरावं लागतं. आत गेल्यावर दोघी मिळून एक होतात आणि लहान मेंदू, मेंदूचा देठ, आणि दृष्टी समजून घेणारा मागचा भाग यांना रक्त देतात. मेंदूच्या एकूण रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा या मागच्या जोडीतून येतो. पण तोल, गिळणं, शुद्ध आणि श्वास सांभाळणारी केंद्रं याच भागात आहेत. हिस्सा लहान असला तरी जबाबदारी मोठी आहे.

आपण मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातली जवळजवळ निम्मी हालचाल एकट्या अ‍ॅटलस-अ‍ॅक्सिसच्या सांध्यात होते. मान उजवीकडे वळली की अ‍ॅटलस अ‍ॅक्सिसवर फिरतो, त्याची डावी बाजू पुढे सरकते आणि डावी व्हर्टेब्रल ताणली जाते, थोडी मुडपतेही. हे तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत होतं. तरी आपल्याला काही होत नाही, कारण उजवी चालू असते. शिवाय मेंदूच्या तळाशी पुढच्या-मागच्या वाहिन्यांना जोडणाऱ्या बारीक जोडवाहिन्या असतात, त्यातूनही रक्त वळतं.

शेतीतलं उदाहरण देतो. ठिबकच्या प्लॉटला दोन बाजूंनी पाणी असेल तर एक लॅटरल (बारीक नळी) मुडपली तरी झाड सुकत नाही. पण दुसरी बाजू आधीच चोंदलेली असेल आणि चालू असलेली नेमकी मुडपली, तर पुढचे ड्रिपर कोरडे पडतात. काही लोकांत दोन व्हर्टेब्रलपैकी एक जन्मतःच बारीक असते, किंवा लहान मेंदूला एक फांदी देऊन तिथेच संपते. काहींत वयानं, साखरेनं, तंबाखूनं ती आतून भरत आलेली असते. मग सगळा भार दुसरीवर. मोठी असते ती बहुतेकदा डावी. म्हणजे उजवीकडे वळून बघितल्यावर डावी मुडपणार आणि उजवी साथ देणार नाही, असा योग जुळला तर त्रास. बाबा उजव्या खांद्यावरून बघतात हे मी लक्षात ठेवलं ते यासाठी.

मुडपण्याचं कारण कधी हाडाचा वाढलेला काटा असतो, कधी जाडावलेला पडदा, कधी ढिला झालेला सांधा. खालच्या मणक्यांपाशी काट्यानं दाब आला तर ज्या बाजूला मान वळते त्याच बाजूची वाहिनी दबते. वरच्या सांध्यापाशी उलट बाजूची.

या आजाराला जे नाव पडलं ते धनुर्धाऱ्यांवरून. १९७८ मध्ये सोरेनसेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एका माणसाची हकीकत छापली. धनुर्विद्येचा सराव करताना त्याला मेंदूच्या देठाचा झटका आला होता. बाण सोडणारा माणूस कसा उभा राहतो ते आठवा: छाती एका दिशेला, चेहरा खांद्यावरून पूर्ण वळलेला, आणि नेम लागेपर्यंत मान तशीच धरून ठेवलेली. तेव्हापासून याला 'बो हंटर्स स्ट्रोक' म्हणतात. धनुष्यबाण हातात घेतलेल्यांचे पालक हे वाचून घाबरतील म्हणून लगेच सांगतो. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, त्यांच्या मागे आज महाराष्ट्रात कितीतरी मुलं मैदानावर उभी आहेत, आणि त्यांच्या मानांना यातलं काही होत नाही. धनुष्य हे कारण नाहीच. आधीपासून एकाच वाहिनीवर चाललेला मेंदू आणि धरून ठेवलेली मान एकत्र आली की हे घडतं. रोटाव्हेटरकडे मागे बघत तास-तास बसणारा शेतकरी त्याच पवित्र्यात असतो, हे मला तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा इतकं स्पष्ट जाणवलं.

तरीसुद्धा, बाबांना हेच आहे असं मी इथून म्हणणार नाही. माझ्याकडे 'मला सर्व्हायकल आहे, त्यानं चक्कर येते' असं सांगत रोज कुणीतरी येतं, आणि तपासल्यावर बहुतेकांना दुसरंच काही निघतं. सगळ्यात जास्त वेळा कानातले खडे. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत गेले की डोकं हलवताच घर फिरतं. याची ओळख सोपी आहे: अंथरुणात कुशीवर वळताना, झोपताना-उठताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना चक्कर येते, मिनिटभराच्या आत थांबते, आणि माणूस बसलेला असताना नुसती मान बाजूला वळवून सहसा येत नाही. त्यावर औषध लागत नाही. डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण परत जागेवर आणता येतात, दहा मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं पट्टा बांधून, चक्करच्या गोळ्या खाऊन बसलेली माणसं एका बैठकीत मोकळी झालेली मी पाहिली आहेत.

दुसरं कारण रक्तदाबाची गोळी. उन्हात, घाम गेलेला, पाणी कमी, आणि वर दाब उतरवणारी गोळी. बाबांचा दाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजून घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर तिथे उत्तराचा एक भाग असू शकतो. तिसरं, हृदयाचे ठोके मध्येच मंदावणं. आणि चौथं, वयस्कर पुरुषांत दिसणारं: कॅरोटिड जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे दाब मोजणारं एक नाजूक केंद्र असतं, ते फार हळवं झालं तर घट्ट कॉलर, दाढी करताना पडलेला दाब, किंवा मान वळवणं एवढ्यानंही ठोके मंदावून अंधारी येते. हे मेंदूचं नाही, हृदयाचं दुखणं आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत.

आणि एक्स-रेतल्या 'गॅप'बद्दल. साठीच्या पुढच्या जवळजवळ कुणाचाही मानेचा एक्स-रे काढा, मणक्यांची झीज दिसेलच. केस पिकावेत तसे मणके झिजतात. एक्स-रेत हाड दिसतं, रक्तवाहिनी दिसत नाही. त्या फिल्मवरून चक्करचं कारण ठरवता येत नाही, आणि तिच्या आधारावर कारणाचा शोध थांबवणं मला फार खटकतं.

हा आजार डोळ्यांनी कसा दिसतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी साठीचे एक गृहस्थ आले होते. गाडी रिव्हर्स घेताना दोनदा भान हरपलं होतं. साध्या एमआरआयमध्ये काही नव्हतं, मान सरळ ठेवून काढलेल्या अँजिओग्राफीतही डावी व्हर्टेब्रल स्वच्छ. उजवी मात्र दोऱ्यासारखी बारीक. मग कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीत बारीक नळी घालून तपासतात त्या खोलीत, डाव्या वाहिनीत रंगद्रव्य सोडून आम्ही त्यांना मान हळूहळू उजवीकडे वळवायला सांगितलं. पडद्यावर रंगाची काळी रेघ वर चढत होती. मान अर्ध्याहून थोडी पुढे गेली आणि अ‍ॅटलसच्या वळणाशी ती रेघ टोकदार होत थांबली. वर काहीच नाही. पाच-सहा सेकंद गेले असतील. 'डॉक्टर, आलं, आलं,' ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागले. मान सरळ केली. रेघ पुन्हा वर धावली आणि डोळे थांबले. खोलीतलं कुणी काही क्षण बोललं नाही. नीट पडलेल्या माणसाची एमआरआय, नीट ठेवलेली मान, नीट रिपोर्ट, आणि आजार फक्त वळवलेल्या मानेत. म्हणून ही तपासणी वळवलेल्या मानेनंच करावी लागते. आजकाल आधी मान सरळ आणि वळवून अशी सीटी अँजिओग्राफी करतात, कानाच्या वर डॉपलर (ध्वनिलहरींचं यंत्र) लावून मेंदूतल्या रक्ताचा वेगही बघतात, पण शेवटचा शब्द अजून कॅथलॅबचाच.

सलूनमधल्या मान मोडण्याचा धोका याच्या शेजारचा, पण वेगळा आहे, आणि तो बाबांनाच नाही, घरातल्या तरुणांनाही आहे. तिथे वाहिनी नुसती मुडपत नाही, आतून फाटते. रक्तवाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. मान झटक्यानं पिळली की आतल्या थराला चीर जाऊ शकते, रक्त थरांच्या मध्ये घुसतं, भिंत फुगून वाट अरुंद होते आणि चिरेवर गुठळ्या बसतात. त्यातली एक सुटून वर गेली की झटका. सगळ्या वयांचे मिळून जे रक्त अडून येणारे झटके असतात त्यात अशा फाटलेल्या वाहिनीचे शंभरात दोनच. पण पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात दहा ते पंचवीसपर्यंत जातं. तरुणाला पॅरालिसिस झाला तर आम्ही मानेच्या वाहिन्या आधी बघतो ते यामुळे.

भिंत फाटल्याबरोबर झटका येतोच असं नाही. तास, दिवस, कधी आठवडेही जातात. मधल्या काळात एकच खूण असते: मानेच्या एका बाजूला, कानामागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात, आधी कधी न झालेलं दुखणं. कधी त्या बाजूची पापणी उतरते आणि बाहुली लहान दिसते. लोक त्याला 'मान लचकली' म्हणतात, बाम चोळतात, आणि काही तर ती मोकळी व्हावी म्हणून पुन्हा मोडून घेतात.

एक तरुण मला कायम लक्षात राहिला आहे. चौतिशीचा, तब्येतीनं दणकट. सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर तीन दिवस उजव्या कानामागे ठणकत होतं. चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना त्याला वाटलं बादलीतलं पाणी गार झालं. डावा हात बुडवला, कोमट. उजवा बुडवला, चटका बसला. त्याच बादलीत. नाश्त्याला पोहे खाताना घास गिळेना, ठसका लागला, आवाज घोगरा झाला, उचकी थांबेना, आणि चालताना तो उजवीकडे झुकू लागला. घरच्यांना वाटलं पित्त झालं. हातपाय दोन्ही चालत होते, तोंड वाकडं नव्हतं, मग पॅरालिसिस कुणाच्या मनात येणार? मेंदूच्या देठाच्या बाजूच्या भागाचा हा झटका, व्हालेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला. त्यात चेहऱ्याच्या एका बाजूची आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूची गरम-गार कळण्याची शक्ती जाते. तो मुलगा सावरला, कामावर गेला, पण डाव्या हातानं आजही पाण्याचा अंदाज घेत नाही.

२०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या एका तिशीतल्या माणसाची बातमी आली होती, ती अशीच. न्हाव्यानं मान पिळल्यावर कॅरोटिड फाटून त्याचं बोलणं आणि डावी बाजू गेली, उपचारांनी तो सावरला. तुमच्या घरात पाहिलेली बातमी बहुधा हीच.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशात कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके-सांधे बसवण्याचा व्यवसाय करणारे, मान 'बसवतात' त्यावर बरंच संशोधन झालं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांना मागच्या वाहिन्यांचा झटका आला ते आधी कायरोप्रॅक्टरकडे जसे गेले होते तसेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे काहींची वाहिनी आधीच फाटलेली असते, तिचंच दुखणं घेऊन ते मान दाखवायला जातात, आणि दोष मोडणाऱ्याच्या माथी येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये हा संबंध सिद्ध झाला असं म्हटलं नाही, पण मान मोडण्याआधी रुग्णाला धोक्याची कल्पना द्यावी असं सांगितलं. माझं मत या वादामुळे बदलत नाही. वाहिनी आधी फाटली असेल तर त्यावर झटका देणं आणखी वाईट. आणि प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टनं हलक्या हातानं मान सोडवणं वेगळं, सलूनमध्ये टाळूवर हात ठेवून 'कट्ट' आवाज येईपर्यंत पिळणं वेगळं. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा असतो. 'मोकळं' वाटतं ते घटकाभर. नस मोकळी होत नाही. तुमच्या न्हावीदादांवर राग धरू नका, ते आपुलकीनं करतात आणि गिऱ्हाईक मागतं म्हणून करतात. त्यांना समजावून सांगा, डोक्याला चंपी खुशाल करा म्हणावं, मानेला पीळ नको.

मान न पिळताही, नुसत्या मारानं वाहिनी फाटू शकते. क्रिकेट बघणाऱ्यांना फिल ह्यूज आठवत असेल. नोव्हेंबर २०१४, सिडनी, ६३ धावांवर खेळत असताना उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली मानेवर बसला. व्हर्टेब्रल फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला, पंचविशीत. फलंदाजांच्या हेल्मेटला मागे मानेचं कवच दिसतं ते तेव्हापासून. त्या चार इंचांत किती नाजूक गोष्ट आहे हे सगळ्या जगानं त्या दिवशी पाहिलं.

पार्लरचं विचारलं नाहीत, पण घरात आई-बहिणी असतील म्हणून. १९९३ मध्ये वाइनट्राउब या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टनी पाच स्त्रियांची हकीकत छापली, केस धुताना बेसिनच्या कडेवर मान मागे टाकल्यानंतर त्यांना त्रास झाला होता. २०२२ मध्ये हैदराबादच्या एका पन्नाशीच्या बाईंची अशीच बातमी आली. केस धुवायला बंदी नाही. मानेखाली जाड टॉवेलची घडी घ्या, मान लोंबकळती ठेवू नका, चक्कर किंवा मळमळ वाटली तर लगेच उठून बसा. साठीच्या पुढे असाल, साखर-दाब असेल, तर पुढे वाकून धुवायला सांगा.

योगासनांबद्दलही तेच प्रमाण ठेवा. सावकाश, श्वासाबरोबर केलेली ब्रह्ममुद्रा (मान हळूहळू चारी दिशांना नेणं) मी कुणाला बंद करायला सांगत नाही. पण वयाच्या साठाव्या वर्षी टीव्हीवर बघून शीर्षासन, हलासन सुरू करणं, किंवा मान गोल-गोल जोरात फिरवणं, यातून मानेवर नको तेवढा भार येतो. योगासनं आणि मानेच्या वाहिन्या यांबद्दलचा इशारा ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९७२ मध्येच छापून आला होता. संधिवातानं ज्यांचे सांधे ढिले झाले आहेत त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेचा कोणताच जोराचा व्यायाम करू नये, कारण त्यांच्यात अ‍ॅटलस-अ‍ॅक्सिसचा सांधाच सैल असू शकतो.

मान वळवताना पुढच्या कॅरोटिडवर दाब येणं हे व्हर्टेब्रल मुडपण्याहून दुर्मीळ. कानाखाली कवटीला एक सुईसारखं हाड असतं, साधारण अडीच सेंटिमीटरचं. काहींत ते बरंच लांब वाढतं आणि मान वळताना कॅरोटिडला टोचतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं आणि गिळताना कानात कळ, अशी तक्रार असेल तर ते बघतात. बाबांच्या तक्रारीशी ते जुळत नाही.

आता घाईची वेळ कशी ओळखायची ते नीट वाचा, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, एवढंच लोकांना माहीत असतं. मागच्या वाहिन्यांचा झटका या तिन्हीला चुकवून येऊ शकतो, त्या चौतिशीच्या मुलाला आला तसा. म्हणून यात आणखी भर घाला: अचानक तोल जाऊन धरल्याशिवाय उभं राहता न येणं, एकाचे दोन दिसणं, अचानक दिसेनासं होणं, गिळता न येणं, आणि मानेच्या नव्या दुखण्याबरोबर आलेली चक्कर. मान सरळ केल्यावरही चक्कर थांबली नाही तर ती या यादीतली धरा. यातलं काही झालं की १०८ ला फोन करा आणि चोवीस तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात न्या. त्या इंजेक्शनची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तास आहे. पित्ताची गोळी, कांदा हुंगवणं, ओळखीच्या वैद्याची वाट बघणं यात तो वेळ जातो. आणि पहिला सीटी नॉर्मल आला म्हणून घरी नेऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका सीटीत बऱ्याचदा दिसत नाही, पहिल्या एक-दोन दिवसांत कधी कधी एमआरआयमध्येही हुकतो. माणसाला उभं राहता येतंय का, याकडे रिपोर्टइतकंच लक्ष द्या.

बाबांचं पुढे काय? न्यूरोलॉजिस्टकडे दाखवा. ते आधी कानातले खडे, उभ्यानं उतरणारा दाब आणि हृदयाचे ठोके ही कारणं तपासतील. एक साधी युक्तीही करतील: फिरत्या खुर्चीवर बसवून डोकं एका जागी धरायचं आणि खाली धड फिरवायचं. त्यात कान हलत नाही, फक्त मान पिळली जाते. कानाचा दोष असेल तर त्रास होऊ नये. मग एमआरआय, मानेच्या वाहिन्यांची अँजिओग्राफी, आणि संशय राहिला तर वळवलेल्या मानेची.

आजार तोच निघाला तर पहिला उपाय मान ठरावीक कोनापलीकडे न वळवणं, गुठळी होऊ नये म्हणून गोळी, आणि दाब-साखर-कोलेस्टेरॉल नीट ठेवणं. तंबाखूची मिश्री असेल तर ती आजच सोडायची. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. भागलं नाही, किंवा एकदा झटका येऊन गेला असेल, तर शस्त्रक्रिया. दाबणारं हाड किंवा पडदा काढून वाहिनी मोकळी करता येते, त्यात मानेची हालचाल राहते पण काहींत त्रास परत येतो. दुसरा मार्ग वरचे दोन मणके स्क्रूनं जोडून टाकण्याचा. त्रास संपतो, पण मानेचं वळणं जवळजवळ निम्मं कायमचं जातं. रोज मागे वळून बघण्यावर ज्याचं काम आहे त्याच्याशी हे आधी बसून बोलायला हवं, ऑपरेशनच्या टेबलावर नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांनी ऑपरेशन नको म्हटलं. गोळी चालू ठेवली, गाडी रिव्हर्स घेणं मुलावर सोपवलं, आणि मान न वळवता कमरेतून वळायची सवय लावून घेतली. त्यांना पुन्हा अंधारी आली नाही.

बाबांना डॉक्टरांनी ट्रॅक्टर चालवायची परवानगी दिलीच, तर दोन्ही बाजूंना मोठे बहिर्गोल आरसे लावा आणि मागे बघायचंच झालं तर ट्रॅक्टर थांबवून, सीटवर अख्खं वळून बघू दे. पट्टा मात्र दिवसभर बांधून ठेवायला मी सांगणार नाही, त्यानं मानेचे स्नायू महिनाभरात कमजोर होतात.

तपासणीला जाताना आधीचा एक्स-रे, चालू गोळ्यांची पानं आणि घरी मोजलेले आडवं-उभं दाबाचे आकडे बरोबर न्या. दर वेळी काय झालं ते बाबांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा: मान कुठे होती, किती वेळ धरली होती, सरळ केल्यावर किती वेळात थांबलं, दोन दिसले का, कानात आवाज आला का. आणि आपणहून पुन्हा चक्कर आलीच तर कुणीतरी बाबांना धरून बसवा, मान सरळ ठेवायला लावा, आणि दुसऱ्यानं मोबाईलवर त्यांच्या उघड्या डोळ्यांचा जवळून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. बुबुळं कुठल्या दिशेला झटके देतात हे मला महागड्या स्कॅनइतकंच सांगून जातं.